हवं तेवढंच उचला

मी बी.ए. झालो तो मराठी घेऊन. संगणकाशी माझा व्यवहार कवितांच्या प्रती टाइप करण्यापुरता. तेव्हा प्रोग्राम लिहिणाऱ्या मंडळींच्या एका सवयीबद्दल मी बोलावं, हा थोडा आगाऊपणाच आहे. पण ही सवय मला समजली ती एका निवृत्त गृहस्थांच्या हजार रुपयांमुळे. त्या हजार रुपयांचा उलगडा आमच्या घरच्या ओसरीवर झाला, म्हणून बोलतो.

माझी भाची तेव्हा पुण्यात एका लहानशा कंपनीत नोकरीला होती. पतसंस्थांना ठेवी, व्याज आणि पावत्यांचा हिशेब ठेवणारा प्रोग्राम करून द्यायचा, हे त्या कंपनीचं काम. त्या प्रोग्राममध्ये एक बारीकशी चूक होती. वयाची साठ वर्षं पूर्ण झालेल्या ठेवीदाराला अर्धा टक्का व्याज जास्त मिळायला हवं. प्रोग्राम मात्र विचारत होता, ‘वय साठपेक्षा जास्त आहे का?’ ज्याला साठ पूर्ण झालेली आहेत पण एकसष्ट व्हायची आहेत, त्याच्या बाबतीत उत्तर यायचं, ‘नाही’. म्हणजे बिचाऱ्याचं ज्येष्ठपण एक वर्ष लांबणीवर. दुरुस्ती म्हणाल तर एका खुणेची. ‘पेक्षा जास्त’ची जी खूण असते, तिच्यापुढे बरोबरीचं चिन्ह टाकायचं. ‘साठ किंवा साठपेक्षा जास्त.’ झालं काम. भाचीनं ते केलं.

पण फाइल उघडीच होती. माणसाचा हात एकदा कामाला लागला की एका जागी थांबत नाही. पावतीवरचा नावाचा रकाना तिला अरुंद वाटला, लांब आडनावांची शेपटं कापली जात होती, म्हणून तिनं तो रुंद केला. (व्याज आणि पावती एकाच फाइलीत का होतं, असं एखादा जाणकार श्रोता विचारील. नसायला हवं होतं, होतं.) शिवाय चूक शोधताना तिनं एक तात्पुरती ओळ घातली होती. प्रत्येक ठेवीदाराचा खाते क्रमांक आणि जन्मतारीख वेगळ्या फाइलीत लिहून ठेवणारी, फक्त स्वतःला बघण्यापुरती. ती काढायची राहून गेली. संध्याकाळी तिनं हे सगळं एकत्रच नोंदवून टाकलं आणि नोंदीवर शेरा मारला, ‘पावती आणि किरकोळ’.

२०१७ च्या रमजान ईदसाठी ती गावी आली. ईद सोमवारी होती. आदल्या शनिवारी तिच्या ऑफिसातून फोन आला. एका पतसंस्थेत छापील चौकटीच्या पावत्या होत्या. नावाचा रकाना रुंद झाल्यामुळे रक्कम सरकून चौकटीबाहेर छापली जात होती. तिच्या सहकाऱ्यानं नोंदींचा इतिहास काढला, त्यात ‘पावती’ हा शब्द त्याला दिसला आणि ती अख्खी नोंद त्यानं मागे घेतली. पाच मिनिटांत पावत्या ठीक. तिकडे ते खूश, इकडे आम्ही शिरखुर्म्याचा सुकामेवा चिरायला बसलो.

त्या नोंदीबरोबर बरोबरीचं ते चिन्हही परत गेलं, हे कुणाच्याच ध्यानात आलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एका गृहस्थांनी त्या पतसंस्थेत दोन लाखांची ठेव ठेवली. वय साठ पूर्ण. कारकुनानं फलकावर बघून पावतीवर शाईनं दर लिहिला, साडेआठ टक्के. वर्ष सरलं आणि व्याज जमा झालं सोळा हजार. हिशेबानं यायला हवे होते सतरा. गृहस्थ शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पाठकोऱ्या कागदावर गुणाकार मांडला, जन्मतारखेचा दाखला घेतला आणि पतसंस्थेच्या काउंटरवर जाऊन उभे राहिले. त्यांना पहिल्यांदा सांगण्यात आलं की, कॉम्प्युटर चुकत नसतो.

शोध घेत घेत प्रकरण भाचीपर्यंत पोचलं. मी फोनवर तिला म्हणालो, “अगं, म्हणजे तुझ्या त्या सहकाऱ्यानं घोळ केला.” ती म्हणाली, “नाही मामू. मी त्याला अख्खं गाठोडं दिलं होतं. त्यानं अख्खं गाठोडं परत ठेवलं. गाठोड्यात काय काय बांधलंय, हे मी त्याला कुठं सांगितलं होतं?”

पुढच्या सुट्टीत ती आली तेव्हा मी तिला ओसरीवर बसवलं आणि म्हटलं, आता मला हे नीट सांग.

प्रोग्राम म्हणजे शेवटी मजकूर. ओळींखाली ओळी. दहा-वीस माणसं वर्षानुवर्षं त्या मजकुरात खाडाखोड करत असतात. कुणी, केव्हा, काय बदललं याची नोंद ठेवली नाही, तर अनर्थ व्हायचा. म्हणून आवृत्त्यांची नोंदवही ठेवणारे प्रोग्राम निघाले. अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी १९७२ साली असा एक प्रोग्राम लिहिला. तो सुरुवातीच्यांपैकी एक. त्याच प्रयोगशाळेत डग्लस मॅकिलरॉय आणि त्यांचे सहकारी दोन मजकुरांमधला फरक ओळीओळीनं दाखवणाऱ्या प्रोग्रामवर काम करत होते. त्याचं नाव ‘डिफ’. १९७४ साली तो युनिक्सबरोबर बाहेर आला. डिफची भाषा इतकी साधी आहे, की मलाही पाच मिनिटांत वाचता आली. गेलेल्या ओळीच्या आधी वजाचं चिन्ह, आलेल्या ओळीच्या आधी अधिकाचं. आजूबाजूच्या ज्या ओळी बदललेल्या नाहीत, त्यांतल्या तीन वरच्या आणि तीन खालच्या सोबत दाखवतात, संदर्भासाठी. आम्ही कविता समजावताना मागची-पुढची ओळ वाचून दाखवतो ना, तसंच.

आज जगात सर्वांत जास्त वापरात असलेल्या नोंदवहीचं नाव आहे गिट. लिनक्स ज्यांनी सुरू केलं, त्या लिनस टोरवाल्ड्स यांनी ती २००५ च्या एप्रिल महिन्यात लिहिली. त्यामागे घाई होती. लिनक्सची मंडळी तोवर बिटकीपर नावाचा दुसऱ्या कंपनीचा प्रोग्राम फुकट वापरत होती आणि त्या वर्षी ती सवलत बंद झाली. गिट या शब्दाचा इंग्रजी बोलीतला अर्थ काही चांगला नाही. नकोसा, आडमुठा माणूस असा काहीसा आहे. टोरवाल्ड्स गमतीनं सांगत, की मी माझ्या सगळ्या कामांना माझंच नाव देतो. काही महिन्यांतच त्यांनी गिटचा कारभार जुनिओ हमानो या जपानी प्रोग्रामरकडे सोपवला.

लिनक्सच्या घराण्यात एक शिस्त आधीपासूनची आहे. जगभरातून लोक बदल पाठवतात, ईमेलनं. त्यांना बजावलेलं असतं, की एका बदलात एकच विषय हवा. चूक सुधारली आणि वेगही वाढवला, तर दोन वेगळे कागद पाठवा. आणि प्रत्येक कागद लावल्यावर प्रोग्राम चालता राहिला पाहिजे. पुढचा कागद येईपर्यंत मोडका राहिला, तर चालणार नाही. या शिस्तीच्या घराण्यात गिट आलं, आणि त्यात एक मधली जागा आहे. माझ्या आजच्या बोलण्याचा विषय ती मधली जागाच आहे.

बी.ए. झाल्यावर दोनेक वर्षं मी एका ट्रेडल छापखान्यात प्रुफं तपासायचो. त्या अनुभवाचा उपयोग असा अचानक होईल, असं वाटलं नव्हतं. छापखान्यात मजकुराच्या तीन अवस्था. पहिली, लेखकाचं हस्तलिखित. त्यात काट, बाण, समासातली भर, चहाचे डाग, सगळं. दुसरी, गॅली. जुळारी खिळे उचलून एकेक ओळ जुळवायचा आणि त्या ओळी गॅलीत रचायचा. गॅलीचं प्रूफ निघायचं, त्यात हवं ते ठेवता यायचं, नको ते काढता यायचं. तिसरी अवस्था, मशीनवरून छापून आलेला कागद. तो निघाला की निघाला.

गिटमध्ये हेच आहे. तुम्ही ज्या फाइलीत काम करता, ते हस्तलिखित. इतिहासात कायमची जी नोंद होते तिला म्हणतात कमिट, तो छापील कागद. आणि या दोहोंच्या मध्ये गॅली. तिला इंग्रजीत इंडेक्स म्हणतात, स्टेजिंग एरिया असंही म्हणतात. पुढच्या कमिटमध्ये नेमकं काय जाणार, ते आधी इथं रचायचं. एक फरक मात्र ध्यानात ठेवायचा. छापखान्यात खिळा गॅलीत गेला की खणातून कमी होतो. गिटच्या गॅलीत प्रत जाते, तुमची फाइल आहे तशीच राहते. तिला धक्का लागत नाही. त्यामुळे एखादी गोष्ट गॅलीत ठेवल्यावर तुम्ही फाइलीत आणखी काही बदललंत, तर तो नवा बदल गॅलीत आपोआप येत नाही. पुन्हा उचलून ठेवावा लागतो. नवशिके इथं हमखास फसतात, असं भाची म्हणाली. ती स्वतः फसली होती.

बहुतेक लोक या गॅलीचा उपयोगच करत नाहीत. सगळ्या फाइली उचलून एकदम तिच्यात टाकतात आणि छाप म्हणतात. भाचीनंही तेच केलं होतं. पण गिटला असं सांगता येतं, की बाबा, अख्खी फाइल नको, एकेक बदल दाखव आणि मला विचार. ‘गिट अ‍ॅड’ लिहायचं, पुढे एक आडवी रेघ आणि तिला चिकटून ‘पी’ हे अक्षर. पी म्हणजे पॅच, ठिगळ. असं प्रश्नोत्तराचं काम डार्क्स नावाच्या दुसऱ्या एका नोंदवहीत २००३ पासून होतं. डेव्हिड राउंडी या भौतिकशास्त्रज्ञानं ती लिहिली होती. गिटमध्ये निवडून उचलण्याची सोय हमानो यांनी २००६ च्या डिसेंबरात आणली.

आता ओसरीवर काय झालं ते सांगतो. भाचीनं लॅपटॉप मांडीवर घेतला. आधी तिनं तो जुना, मागे घेतलेला कमिट शोधून काढला आणि तो पुन्हा फाइलीत पसरला, पण न छापता. गॅलीसुद्धा रिकामी केली. म्हणजे तीन बदल हस्तलिखितात हजर, गॅलीत काही नाही. जणू त्या संध्याकाळी ती नोंद करायच्या आधीच्या क्षणाला आम्ही परत येऊन बसलो होतो. मग तिनं ती पी-वाली आज्ञा दिली.

पडद्यावर पहिला तुकडा आला. या तुकड्याला हंक म्हणतात. खाली प्रश्न, हा तुकडा गॅलीत ठेवू का? आणि पुढे उत्तरांची अक्षरं. वाय म्हणजे हो. एन म्हणजे नको. क्यू म्हणजे पुरे झालं, थांब. प्रश्नचिन्ह दाबलं की अक्षरांचे अर्थ सांगतो. मी चष्मा सारखा करून वाचलं. वजाची एक ओळ, जिच्यात ‘साठपेक्षा जास्त’. तिच्या खाली अधिकाची ओळ, जिच्यात ‘साठ किंवा जास्त’. आणि तिच्याच खाली, अगदी खेटून, अधिकाची आणखी एक ओळ. ती जन्मतारखा लिहून ठेवणारी.

मी म्हटलं, “दाब वाय.” ती म्हणाली, “मामू, खालची ओळ बघा. वाय दाबलं तर तीही जाईल.”

तुकडा मोठा असेल, तर एस दाबायचं. एस म्हणजे त्याची आणखी फोड कर. तिनं दाबून दाखवलं. गिट म्हणालं, जमत नाही. कारण फोड कुठं करायची, हे त्याला कळायला दोन बदलांच्या मध्ये निदान एक तरी न बदललेली ओळ लागते. इथं दोन्ही बदल एकमेकांना चिकटलेले. यंत्राच्या दृष्टीनं ती एकच गोष्ट. एक ओळ व्याजाची आहे आणि दुसरी विसरून राहिलेली आहे, हे यंत्राला अर्थानं कळत नाही. त्याला फक्त शेजार कळतो.

अशा वेळी ई. ई म्हणजे एडिट. तुकडाच तुमच्यापुढे मजकूर म्हणून उघडतो आणि तुम्ही हातानं त्यात बदल करता. नियम दोनच. अधिकाची एखादी ओळ नको असेल, तर ती ओळ पुसून टाका. वजाची ओळ नको असेल, म्हणजे ती मूळ ओळ जाऊ नये, राहावी असं वाटत असेल, तर फक्त वजाचं चिन्ह पुसून तिथं रिकामी जागा ठेवा. ओळ पुसायची नाही. हा दुसरा नियम पहिल्यांदा उलटाच वाटतो. काढून टाकण्याची खूण काढली, की ओळ राहते. विचार केला की पटतं. आणि पुसलेलं सगळं पुसलं जातं ते गॅलीत जाणाऱ्या प्रतीतून. फाइलीत काही पुसलं जात नाही. चूक केलीत आणि तुकडा कुठं बसेनासा झाला, तर गिट तो घेत नाही, पुन्हा विचारतं.

भाचीनं जन्मतारखांची ती ओळ पुसली. तुकडा बसला. दुसरा तुकडा आला पावतीच्या रकान्याचा. तिथं तिनं एन दाबलं.

मग तिनं गिटला विचारलं, आता परिस्थिती काय? उत्तर बघून मी गोंधळलो. एकाच फाइलीचं नाव दोनदा. वर, नोंदीसाठी तयार असलेल्या यादीत. खाली, तयार नसलेल्या यादीत. एक फाइल दोन्हीकडे कशी? पण तेच तर खरं होतं. तिचा एक भाग गॅलीत होता, बाकीचा हस्तलिखितात.

माझा उत्साह बघून ती म्हणाली, “छापायचं नाही अजून.” इथं मला वाटलं होतं की गोष्ट संपली. माझ्या मते इथंच ती खरी अवघड होते.

बघा, त्या क्षणी फाइलीत तीन बदल होते. गॅलीत एक. प्रोग्राम चालवून बघितला, तर चालतो तो फाइलीतला. तीन बदलांचा. गॅलीतला, एका बदलाचा जो प्रोग्राम आहे, तो कुणीही, कधीही चालवलेलाच नाही. तो या पृथ्वीवर अजून कुठं अस्तित्वातच नव्हता. तुम्ही निवडता निवडता तो तयार झाला. समजा, निवडताना तुम्ही एक ओळ उचलली, जी फाइलीच्या दुसऱ्या टोकाला नव्यानं लिहिलेल्या एका कामावर अवलंबून आहे, आणि ते काम उचलायचं राहिलं. तुमच्या मशीनवर सगळं सुरळीत, कारण फाइल पूर्ण आहे. सहकारी तुमचा कमिट घेतो आणि त्याच्याकडे प्रोग्राम आपटतो. आणि तुम्ही छातीवर हात ठेवून सांगता, माझ्याकडे तर चालतोय. खोटंही बोलत नसता.

यावर उपाय आहे, पण कंटाळा येतो म्हणून लोक करत नाहीत. गिटला सांगायचं, गॅलीतलं तेवढं ठेव आणि बाकीचे बदल थोडा वेळ फडताळात ठेव. या फडताळाचं नाव स्टॅश. आता फाइलीत तेच राहतं, जे गॅलीत आहे. प्रोग्राम चालवा, तपासण्या करा, बरोबर असेल तर छापा. मग फडताळातलं परत काढा. त्यातही एक खोच आहे. गिटच्या ओळखीत अजून न आलेली अगदी नवी फाइल असेल, तर वेगळं सांगितल्याशिवाय ती फडताळात जात नाही. तिथंच बसून राहते आणि तुमची तपासणी खोटी पाडते. अशी नवी फाइल पी-च्या प्रश्नोत्तरांतही येत नाही. तिची आधी ओळख करून द्यावी लागते.

भाचीनं बाकीचं फडताळात ठेवलं आणि प्रोग्राम चालवला. एक नमुना ठेवीदार, वय एकोणसाठ. आठ टक्के. दुसरा, साठ. साडेआठ. तिसरा, एकसष्ट. साडेआठ. मी म्हटलं, “आता?” म्हणाली, “आता.”

या सगळ्यावर टीका करणारेही आहेत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. ते म्हणतात, मधली ही जागा हवीच कशाला? नवशिक्याच्या डोक्याला नसता ताप. मर्क्युरिअल नावाची नोंदवही गिटच्याच सुमाराला, २००५ साली निघाली. तिच्यात अशी गॅली ठेवलेलीच नाही. तिथंही बदल निवडता येतात, पण थेट कमिट करताना. आणि ज्याची कधी परीक्षाच झाली नाही, असा प्रोग्राम इतिहासात ढकलण्याची सोय देणं म्हणजे चुकीला दार उघडून देणं, असाही आक्षेप आहे. मला तो अर्धा पटतो. दोष खरा आहे. पण कामं एका वेळी एकच करावीत म्हणजे निवडायची वेळच येणार नाही, हा जो सल्ला त्याबरोबर मिळतो, तो देणाऱ्यानं कधी काही लिहिलेलं नसावं. एक ओळ सुधारताना शेजारची दिसते आणि राहवत नाही. लिहिणाऱ्याचं मन असंच चालतं. गुंता होणारच.

मला विचाराल, तर गॅलीचा सर्वांत मोठा फायदा निवडीचा नाहीच. तो आहे दुसऱ्यांदा वाचण्याचा. प्रत्येक तुकड्यापुढे थांबून हो की नाही म्हणायचं, म्हणजे तो वाचावाच लागतो. विसरलेली तात्पुरती ओळ, चुकून राहिलेला पासवर्ड, अर्धवट सोडलेलं वाक्य, हे सगळं इथं सापडतं. आम्ही छापखान्यात प्रूफ मोठ्यानं वाचायचो त्याच कारणासाठी. हल्ली तर प्रोग्रामचा मजकूर यंत्रंच भराभर लिहून देतात, पंधरा-वीस फाइलींत एकदम. तो माणसानं वाचावा कधी? भाची म्हणते, तिच्याकडे येणाऱ्या नव्या मुलांना ती हेच सांगते, की एकदम सगळ्याला वाय दाबायचं अक्षरसुद्धा गिटमध्ये आहे, ए. पण ते मी तुम्हाला शिकवणार नाही.

आणि दुसरा फायदा पुढे येणाऱ्या माणसाचा. गिटमध्ये चूक शोधायची एक सुंदर रीत आहे, बायसेक्ट नावाची. प्रोग्राम अमुक दिवशी बरोबर होता, आज बिघडलाय, मध्ये हजार कमिट. तर मधला कमिट काढून तपासायचा. तो बरोबर असेल तर चूक पुढच्या निम्म्यात, बिघडलेला असेल तर मागच्या निम्म्यात. पुन्हा निम्मं. हजारातला गुन्हेगार दहाएक फेऱ्यांत हाती लागतो. लहानपणी शब्दकोश मधोमध उघडून शब्द शोधायचो, तेच गणित. पण हाती आलेल्या कमिटमध्ये एकच गोष्ट असेल, तर तुम्हाला चूक सापडली. त्यात चाळीस गोष्टी बांधलेल्या असतील, तर तुम्हाला गाठोडं सापडलं, आणि ते रात्री दहा वाजता सोडत बसायचं. शिवाय मागे घेताना सगळंच मागे जातं, ते तर आपण बघितलं.

अक्षरं दाबायला नको असतील, तर आज बहुतेक संपादकांत माउसनं दोन ओळी रंगवून तेवढ्याच गॅलीत पाठवायची बटणं आहेत. भाची तरीही अक्षरंच दाबते. म्हणते, बटणानं डोळे पुढे पळतात.

त्या दुपारी तिनं शेरा लिहिताना जरा वेळ घेतला. मग लिहिलं, ‘वयाची साठ वर्षं पूर्ण झालेल्यांनाही ज्येष्ठ नागरिकांचा व्याजदर’. खाली दोन ओळी, की हाच बदल आधी पावतीच्या बदलाबरोबर नोंदला गेला होता आणि त्याच्यासोबत मागे गेला. आता तो एकटा पुन्हा घेतला आहे. कमिट झाला. मी बघितलं, एक ओळ गेली, एक ओळ आली. फरक एका चिन्हाचा.

मग तिनं फडताळातलं परत काढलं. रकान्याचा बदल फाइलीतून काढून टाकला. छापील पावत्या आहेत तोवर त्याला अर्थ नव्हता. जन्मतारखांची ती ओळही काढली. आणि तिच्या एकदम लक्षात आलं की ओळ गेली, तरी तिनं लिहिलेली फाइल त्या पतसंस्थेच्या मशीनवर पडून असणार. मागे घेतली गेली ती नोंद, फाइल कुणी पुसली नव्हती. वर्षभर ती तिथं होती. तिनं लगेच फोन लावला.

मास्तरांच्या खात्यात हजार रुपये जमा झाले. त्यांच्यासारखे साठीतले आणखी किती ठेवीदार होते, हे शोधायला पतसंस्थेला आणखी पंधरा दिवस लागले. पाठकोऱ्या कागदावर गुणाकार करून कुणी आलं नव्हतं.